चिरूट खाली, बाळ वर

निपाणीच्या आक्का नसत्या तर मी आज बेळगावात नसते. आक्का म्हणजे बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाई. त्यांचं माझं नातं नाही, गाव एक नाही, भाषासुद्धा निम्मीच एक. तरी भरल्या बारशात, पाळण्याशेजारी बसून त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या, आणि बोलताना त्यांची पापणी लवली नाही. शुभकार्यात खोटं बोलू नये असं म्हणतात. म्हणणाऱ्यांवर कधी वेळ आलेली नसते.

मी हिंगोलीकडची. माझी शाळा नववीत सुटली. शाळेला त्याचं फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही. पुढे पुण्यात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं थोडं शिकले आणि एका संस्थेनं मला बेळगावला धाडलं. बेळगाव कुठे येतं हे मला बस सुटल्यावर समजेल असं वाटलं होतं, पण बसची पाटी कानडीत होती. मी शेजारच्या बाईला विचारलं, "ही बेळगावलाच जाते ना?" थोड्या वेळानं परत विचारलं. शेवटी ती म्हणाली, "जाती गं बाई. तू उतरंस्तोवर आमी बी उतरत न्हाय, बास?"

असा माझा स्वभाव. कुठल्याही घरात मी आत शिरले की पहिल्यांदा बाहेर काढतील कशावरून, याचा विचार करते. मनातल्या मनात माझी बॅग कायम भरलेली असते. परत जायला गाव आहे, पण भावाच्या घरात मी जिथे अंथरूण घालायचे तिथे आता फ्रीज आहे. भाऊ चांगला आहे, फ्रीजही चांगला आहे. दोघांना हलवणं बरं दिसत नाही.

टिळकवाडीतल्या या घरात मला आप्पांना सांभाळायला ठेवलं. आप्पा निवृत्त वकील. खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत. हाड मोडलं तरी जीभ शाबूत होती. मला ते नावानं हाक मारत नाहीत, जिल्ह्यानं मारतात. "ए हिंगोली, चष्मा." "ए हिंगोली, हा शिरा केलायस की भिंतीला लावायचा गिलावा?" सुरुवातीला मला वाटायचं, आता काढतील. मग लक्षात आलं की आप्पा ज्याला शिव्या देत नाहीत त्याला ते मोजतच नाहीत.

आप्पांना एकच व्यसन, चिरूट. फार वर्षांपूर्वी कॅम्पातल्या कुठल्याशा लष्करी अशिलानं त्यांना एक पेटी भेट दिली आणि तेव्हापासून दुपारच्या चहानंतर एक, हा त्यांचा नेम. देवपूजा चुकेल, हे चुकत नाही. सिगारेटचा वास असतो आणि जातो. चिरुटाचा वास येतो आणि राहायला लागतो. ओल्या गोणपाटावर कुणी गूळ जाळावा तसा तो वास. पडद्यात शिरतो, उशीत शिरतो, बंद कपाटातल्या स्वेटरात शिरतो. मी आले तेव्हा त्या घरातल्या पोह्यांनासुद्धा तो यायचा. कुणी काही बोलत नसे. आप्पांच्या सुनेनं, म्हणजे वैनींनी, नाक आवळून संसार केला होता.

वैनी कॉलेजात शिकवतात. त्यांचे यजमान नोकरीसाठी बेंगळुरात, शनिवार-रविवार येतात, त्यामुळे घर वैनींच्याच हातात. ते चाललं होतं तसं चाललं असतं. पण त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिला मी ताई म्हणते. बाळंतिणीची खोली वरच्या मजल्यावर, आप्पांच्या बरोबर डोक्यावर. आणि या घराचा जिना असा बांधलाय की खाली कुणी मोहरी तडतडवली तर वरचा माणूस आधी शिंकतो.

बाळ दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी वैनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"बस," त्या म्हणाल्या.

बस म्हटल्यावर मी मनातली बॅग उचलली. या घरात मला कामं उभ्यानं सांगतात.

"डॉक्टरांनी सांगितलंय, बाळाजवळ तंबाखूचा धूर नको, वाससुद्धा नको. आप्पांना मी सांगून बघितलं. मागं एकदा चिरूट बंद केला तर त्यांनी जेवण बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरच म्हणाले, ओढू दे त्यांना."

"मग वैनी, बाहेर पोर्चमध्ये..."

"पोर्चच्या वर ताईची खिडकी आहे. आणि पाऊस बघतेस ना? त्या पावसात म्हाताऱ्याला बसवलं तर लोक मला काय म्हणतील?" त्या जरा थांबल्या. "तेव्हा ते खोलीतच ओढतील. पण वास खोलीबाहेर येता कामा नये. ती जबाबदारी तुझी. वास वर आला, तर आप्पांना मी काही करू शकत नाही, सासरे आहेत. तुला मात्र करू शकते."

वैनी वाईट नाहीत. जे आहे ते तोंडावर सांगतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त इतक्या शांतपणे मला जमलं नसतं.

झालं. त्या दिवसापासून मी वासाची राखणदार. गावाकडे लोक ज्वारी राखतात, पाखरं हाकलतात. इथे मला राखायचं ते दिसत नव्हतं आणि हाकलायचं तेही दिसत नव्हतं.

पहिल्यांदा मी दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. धूर बाहेर आला नाही, पण आतला धूर इतका दाटला की आप्पा कुठे आहेत हे खोकल्यावरून शोधावं लागलं. मग मोबाइलवर बघून वाटीत व्हिनेगर ठेवलं. "हिंगोली," आप्पा म्हणाले, "मला लोणच्यात घालायचा विचार आहे काय? मी आधीच मुरलेला आहे." कोपऱ्यात कोळशाची टोपली ठेवली, कोळसा वास ओढून घेतो म्हणून. घेत असेल, पण आप्पांच्या वेगानं नाही. उदबत्ती लावली तेव्हा तर कहर झाला. चिरुटाचा वास गेला नाही, त्याला नुसता धर्म मिळाला. संध्याकाळी वैनींनी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून हुंगलं आणि विचारलं, "खाली सत्यनारायण घातलाय का?"

त्या पायरीवरचं वैनींचं हुंगणं हा माझा रोजचा निकाल होता. कॉलेजातून आल्या की पर्स खांद्यालाच, डोळे मिटून एक लांब श्वास. मी खाली आप्पांच्या दाराआड उभी. श्वास संपून त्या काही न बोलता वर गेल्या की माझा श्वास सुरू व्हायचा.

शेवटी मी धीर करून वैनींकडे आप्पांच्या मागच्या खिडकीत, जिच्या वर ताईची खिडकी नव्हती, बसवायचा पंखा मागितला. इलेक्ट्रिशियन आला, मोबाइलवर कानडीत कुणाशी तरी भांडत भांडत पंखा बसवून गेला. आप्पांनी चिरूट पेटवला, मी पंखा लावला आणि सगळा धूर दारातून दिवाणखान्यात असा निघाला, जसा काही त्याला पाहुण्यांना भेटायचं होतं. मी धावत जाऊन घरभर वर्तमानपत्र हलवत सुटले. ताई वरून ओरडली, "खाली काय जळतंय?"

"गोवरी!" मी ओरडले. टिळकवाडीत गोवरी कुठून आली हे तिनं विचारलं नाही, बाळंतिणीला इतरही कामं असतात.

आप्पा मात्र खूश झाले. खटला मिळाल्यासारखे ताठ बसले. "एक उदबत्ती आण. पेटव. पंख्यासमोर धर." धरली. उदबत्तीचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आमच्याच तोंडावर आला. "बघ," ते म्हणाले, "साक्षीदार बोलला. पंखा उलटा बसवलाय. हा बाहेरची हवा आत ढकलतोय. चोराला घरात घेऊन दार लावणारा पंखा आहे हा."

पंखा फिरवून घेतला. मग आप्पांच्याच सांगण्यावरून दाराखालचा टॉवेल काढला. पंखा हवा बाहेर फेकतो तर आत हवा यायला वाट हवी, आणि ती घराकडून आली तर वास घराकडे जाणार कसा? उदबत्ती फटीपाशी धरली की धूर सरळ खोलीत ओढला जायचा. शिवाय पडदे काढून धुतले, राख साठू न देता लगेच पाण्यात टाकून मागच्या बाजूला ओतून यायची, चिरूट संपल्यावरही पंखा बराच वेळ चालू ठेवायचा. आणि आश्चर्य म्हणजे जमलं! वैनी पायरीवर हुंगून म्हणाल्या, "हं." एवढंच. पण त्या "हं"वर मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

वरच्या मजल्यावर तेव्हा आक्कांचं राज्य होतं. त्या मूळच्या निपाणीच्या. बेळगावात लेकीकडे राहून घरोघरी न्हाऊ घालायला जातात. आधी कितीतरी वर्षं निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम केलेलं. हात रापलेले, पण त्या हातात बाळ दिलं की रडायचं थांबतं. तोंड मात्र थांबत नाही, त्यांचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुटली गं तू?"

"हिंगोलीची."

"लई लांब. लगीन?"

"नाही."

"बरं केलंस. मिश्री लावतीस काय?"

"नाही हो आक्का."

"मग बस हितं." त्यांनी पाट पुढे सरकवला.

मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड. बायका दाताला लावतात, आणि एकदा लागली की सुटत नाही. आक्कांचा सगळा अभिमान एवढ्यावर उभा होता की जन्म तंबाखूत गेला पण त्यांनी मिश्री कधी लावली नाही. "हाताला तंबाखू, पायाला तंबाखू, डोस्क्यात तंबाखू. तोंडाला न्हाय." वखारीतल्या बाकीच्या बायका तोंडात बोट घालून बसायच्या, त्यांची नक्कल त्या अशी करायच्या की ताई टाके दुखतात म्हणून हसणं आवरायची. या कामात त्याला महत्त्वही आहे. मिश्री लावणाऱ्या बाईच्या हातात पहिलटकरणीची सासू बाळ देत नाही.

आता गंमत बघा. खाली एका धुरापायी माझा जीव टांगणीला लागलेला, आणि वर आक्का रोज न्हाणं झालं की निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकून धुरी करायच्या. वैनी दारातून म्हणायच्या, "आक्का, डॉक्टर म्हणाले धूर नको."

"डाक्टरला लहानपणी कुनी धुरी दिलेली न्हाय. म्हनून तसा झालाय तो."

मग तडजोड म्हणून शेगडी दाराबाहेर गॅलरीत गेली, आणि धुरी नुसती दाखवल्यासारखी दाखवायची असं ठरलं. एक धूर आरोपी, दुसरा पाहुणा. मी काय बोलणार? नववी नापाससुद्धा नाही मी, नववीच्या परीक्षेला बसलेच नव्हते.

पाऊस थांबेना. बेळगावचा पाऊस पडत नाही, मुक्काम करतो. मशीन कपडे पिळून देतं, वाळवून देत नाही. बाळ तर दर थोड्या वेळानं एक दुपटं ओलं करून आपलं काम चोख बजावत होतं. वर सगळीकडे दुपटी लोंबत होती, खुर्च्यांवर, पलंगाच्या कठड्यावर, ताईच्या कॉलेजातल्या बक्षिसाच्या ढालीवर. शेगडीवर बुट्टी, म्हणजे बांबूची टोपली, पालथी घालून त्यावर दुपटी टाकायची इथली रीत आहे, पण एका बुट्टीवर मावतात किती? एक दिवस ताई रडकुंडीला आली, "एकही कोरडं नाहीये!"

आणि माझं डोकं चाललं. घरात हवा खेळती असलेली, वारा ओढणारा पंखा असलेली, म्हाताऱ्या माणसासाठी हीटर असलेली एकच खोली होती. रात्री आप्पा झोपले की मी खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी बांधली. सकाळी दुपटी खडखडीत वाळलेली!

आप्पा जागे झाले, दोरीकडे बघत राहिले. "हिंगोली, वकिलाच्या खोलीत एवढे पांढरे बावटे? मी अजून कुणाला शरण गेलेलो नाही."

"बाळाची दुपटी आहेत आप्पा. बाळासाठी."

"मग असू देत. त्याला एकट्याला शरण जायला हरकत नाही."

धूर तोवर निघून गेलेला असायचा. धूर गेला म्हणजे वास गेला, असं मी धरून चालले होते. चोवीस तास त्या खोलीत राहून माझं नाक मेलं होतं हे मला कोण सांगणार? मेलेल्या नाकाला कळत नाही की आपण मेलोय. दार, फट, पंखा, पडदा, सगळीकडे पहारा ठेवला आणि मग तोच वास घडी घालून, छातीशी धरून, जिना चढून मी स्वतः वर नेत राहिले. रोज. वैनी पायरीवर हवा हुंगत होत्या, आणि मी त्यांच्या शेजारून "वैनी, जरा बाजूला" म्हणून गठ्ठा घेऊन जात होते. वर ओवा, लसूण, तेल, दूध यांच्या वासात कुणाला काही कळलं नाही.

कळलं ते बारशाच्या दिवशी. धुरी नव्हती, दिवाणखाना झाडून-पुसून स्वच्छ, पाळण्याला झेंडूची माळ. कोल्हापूरहून ताईच्या सासरची माणसं आलेली. आप्पा धुतलेल्या धोतरात खुर्चीवर. सकाळपासून त्यांनी चिरुटाला हात लावला नव्हता आणि ते प्रत्येकाला तसं सांगत होते. बाळाला मी रात्रभर दोरीवर वाळवलेलं नवं झबलं, टोपडं आणि दुपटं. आक्का पाळण्याशेजारी मानानं बसलेल्या, कारण न्हाऊ घालणारीची ओटी त्या दिवशी भरतात.

बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात दिलं. मग कानात नाव सांगायला आत्या पुढे झाली. जरीची साडी, हातभर बांगड्या. ती बाळाच्या कानाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली, "ह्याला कसला वास येतोय?"

"तेलाचा असेल," कुणीतरी म्हणालं.

"न्हाय, न्हाय. तंबाखूचा!" तिनं टोपडं हुंगलं, मग झबलं. "हे लेकरू हाय का पानपट्टी?"

मागून कुणीतरी हसलं. ताईच्या सासूबाई हसल्या नाहीत. सगळ्यांचं तोंड आप्पांकडे वळलं.

"मी आज सोवळ्यात आहे," आप्पा म्हणाले. "हुंगून बघा."

वैनींनी खरंच वाकून हुंगलं. मग बाळाजवळ गेल्या. झबल्याचा काठ हातात धरला, आणि हळूच माझ्याकडे बघितलं. "हे झबलं कुठं वाळत घातलं होतंस?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मला आजही ठाऊक नाही. डोळ्यांपुढे बसची ती कानडी पाटी आली, यावेळी उलट्या दिशेची. आप्पाही खुर्चीत पुढे सरकले आणि घसा खाकरला.

"वकीलसायेब, तुमी गप बसा," आक्का म्हणाल्या. "कोर्टाला सुट्टी हाय आज." मग वैनींकडे वळून, "त्या पोरीला काय इच्यारताय वैनी? वास माझा हाय."

"तुमचा?"

"झबलं कुनी घातलं? मी. सकाळधरनं मांडीवर कुनाच्या हाय लेकरू? माझ्या. निपानीची बाई मी, अंगातच मुरलाय तंबाखू."

"पण आक्का, हा चिरुटाचा वास आहे."

"पानात गुंडाळला की बिडी, आन् तंबाखूच्याच पानात गुंडाळला की सायेब. वास काय येगळा असतोय?"

एरवी यावर सगळं घर हसलं असतं. वैनी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही मिश्री लावता?"

आक्कांनी पदर सारखा केला. मला वाटलं, आता त्या वखारीतल्या बायकांची नक्कल करतील, बोट तोंडात घालून डोळे मिटतील, सगळे हसतील आणि ही वेळ निघून जाईल.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "लावते."

आत्यानं बाळ पटकन उचलून ताईच्या मांडीवर दिलं. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं असल्या बायका ठेवत न्हाईत." वैनींनी पाहुण्यांसमोर जास्त काही केलं नाही. तेवढंच म्हणाल्या, की सवा महिना होईपर्यंत आक्कांनी आल्या आल्या मागच्या न्हाणीत आंघोळ करायची, इथे ठेवलेली साडी नेसायची आणि मग बाळाला हात लावायचा. आणि मिश्री बंद.

"बरं," आक्का म्हणाल्या. जी सोडायची ती कधी धरलीच नव्हती, तरी बरं म्हणाल्या. ओटी भरली ती सासूबाईंनी लांबून, बोटांच्या टोकांनी. नारळ आक्कांच्या पदरात पडताना धप्पकन आवाज झाला. मग बाळाचं नाव ठेवलं, पेढे वाटले. पेढ्याच्या बाबतीत कुणी नाक मुरडलं नाही.

मागच्या दारी नळाशी मी आक्कांना गाठलं. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आक्का, तो वास... मी दुपटी आप्पांच्या खोलीत..."

"ठाव हाय. सकाळी झबलं घालतानाच कळलंतं. पावनी दारात आलती, तवा काय बोंब मारू?"

मला रडू फुटलं.

"रडू नगंस. आदी ती सगळी दुपटी गरम पान्यात सोडा टाकून परत धू. आन् त्या म्हाताऱ्याच्या खोलीत परत दोरी बांदलीस तर त्याच दोरीनं तुला बांदून घालीन."

"पण तुम्ही मिश्री लावते म्हणालात. सगळ्यांसमोर."

आक्का पाय धूत होत्या. पायावरून पाणी ओतत म्हणाल्या, "मला काडलं आस्तं तर मी लेकीकडं गेले आसते. लेकीनं काडलं तर निपानी हाय. तुला काडलं तर तू कुटं जानार हायस?"

उत्तराची वाट न बघता त्या छत्री उघडून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून सवा महिना आक्का रोज सकाळी येऊन मागच्या न्हाणीत आंघोळ करायच्या. गीझर पुढच्या बाथरूमला, मागे नुसता नळ. मी पहिल्या दिवशी गॅसवर पाणी तापवून नेलं, तर म्हणाल्या, "माझ्यासाटी पानी तापवलंस तर वैनी इच्यारतील, का म्हनून. मग तू रडशील. मग सगळं सांगशील. न्हे ते परत." मी परत नेलं. दारातून त्यांच्या दातांचा आवाज ऐकू यायचा. बाहेर आल्या की इथली साडी नेसून, ओले केस गुंडाळून वर जायच्या आणि ताईला म्हणायच्या, "आलो बाई सोवळ्यात. आता मला बी एक घंटा द्या, वाजवत येतो." ताई हसायची. ताईला काही ठाऊक नव्हतं.

गोष्ट घरातच राहिली असती तर बरं. पण बारशाला शेजारपाजार होता. मागच्या गल्लीतल्या एका सुनेचं बाळंतपण आक्कांनी आधीच धरलं होतं, तिच्या सासूनं दुसरी बाई बघितली. आक्कांच्या लेकीकडे शेजारणी विचारायला लागल्या, "काय गं, तुझी आई गपचिप लावती म्हनं?" हे मला आक्कांनी सांगितलं नाही, लेकीनं सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत होती. आक्कांनी पुन्हा कधी वखारीतल्या बायकांची नक्कल केली नाही. ताईनं एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "आता ती बी मीच की."

आप्पांना सगळं कळलेलं होतं. दोन दिवस त्यांनी मला एकही शिवी दिली नाही, म्हणजे आजारीच म्हणायचे. मग म्हणाले, "हिंगोली, मी जाऊन सांगतो सुनेला."

"नको आप्पा. पाया पडते."

"जन्मभर मी लोकांकडून खोट्या साक्षी वदवून घेतल्या," ते म्हणाले. "प्रत्येकाला काही ना काही हवं असायचं. काही नको असताना खोटं बोलणारी बाई पहिल्यांदा बघितली. तिची उलटतपासणी कशी घ्यायची, कुठल्या पुस्तकात नाही." मग राख झटकून, "पंखा लाव. बघतेस काय?"

आता ताई बाळाला घेऊन कोल्हापूरला गेलीय. बाळ धरून धरून चालतं. आप्पांचा चिरूट चालू आहे, पंखा चालू आहे, दाराखालची फट मी मोकळी ठेवते, आणि त्या खोलीत माझा रुमालही वाळत घालत नाही. वैनी माझ्यावर खूश आहेत. परवा पाहुण्यांना सांगत होत्या, "हिच्यामुळं बघा, बाळंतपणात वास म्हणून बाहेर आला नाही. एकदाच काय तो घोटाळा झाला, तोही त्या न्हाऊ घालणाऱ्या बाईचा." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. ट्रे टेबलावर ठेवला आणि साखर आणायच्या निमित्तानं आत गेले.

त्या वेळी बोलायला हवं होतं, हे कळतं. पण भीतीला कळून काय उपयोग. माझ्या पायाखाली अजून दुसऱ्याचीच फरशी आहे. बाहेरून दहावीला बसायचं ठरवलंय, आप्पा इंग्रजी शिकवतात आणि व्याकरणापेक्षा शिव्याच जास्त शिकवतात. त्यानंतर नर्सिंगचा काहीतरी छोटा कोर्स करता आला, स्वतःची एक खोली झाली, जिच्या दाराची किल्ली मागायचा कुणाला हक्क नाही अशी, की मी पहिल्यांदा वैनींकडे येईन. मग मागच्या गल्लीतल्या त्या सासूबाईंकडे, आणि सुट्टी काढून कोल्हापूरलाही जाईन.

आक्का, तुम्हाला वाचता येत नाही, हे तुमची लेक वाचून दाखवील. तुम्ही कधी मिश्री लावली नाही, हे मी त्या सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या घरात बसून, माझ्या तोंडानं सांगणार आहे. तुम्ही "गप बस गं" म्हणाल, तरी सांगणार आहे. तेवढी वर्षं मात्र मला द्या.